प्लग काढला होता

मला इथे पंचवीस मिनिटं दिली आहेत. फौजेत आम्हाला वेळ पाळायची सवय असते आणि बोलायची नसते, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

टेबलावर हे जे खोकं ठेवलंय, हिरव्या कॅनव्हासचं, ते गिटारचं अ‍ॅम्प्लिफायर आहे. व्हॉल्व्हचं. पुढे एकच बटण, मागे तीन काचेच्या नळ्या. हे मी घरी, इथे म्हैसुरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर तयार केलं. बायको म्हणते, तिच्या जेवणाच्या टेबलावर. तर तिच्या. पाच महिने लागले. ज्यांना हे काम येतं ते दोन शनिवार-रविवारांत संपवतात.

गिटार मला वाजवता येत नाही हे आधीच सांगतो. गिटार मुलीची. ती पुण्यात असते, ऑफिसातल्या चार जणांबरोबर बँड चालवते. तिने परदेशातून हे किट मागवलं, दोन वर्षं ते तसंच कपाटावर पडून राहिलं, आणि गेल्या दिवाळीला तिने ते माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही सिग्नल्सचे ना? मग करा की."

मी 'हो' म्हणालो. आता एक गोष्ट कबूल करतो, ती तोवर घरात कुणालाच माहीत नव्हती. मी कोअर ऑफ सिग्नल्समध्ये सत्तावीस वर्षं काढली. बी.एस्सी. फिजिक्स, मग अकादमी, मग महूला कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशनमध्ये कोर्स. व्हॉल्व्ह कसा चालतो हे मी फळ्यावर काढून शिकवलंय. पण सोल्डरिंगची कानस... बघा, शब्दसुद्धा चुकला, सोल्डरिंग आयर्न, ते मी आयुष्यात फार तर दहा वेळा हातात धरलं असेल. फौजेत ते काम नाईक आणि हवालदार करतात. अधिकारी कागदावर सही करतो.

आता हे यंत्र काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मूळ सर्किट १९५० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचं. लिओ फेंडर हा माणूस कॅलिफोर्नियात फुलरटन नावाच्या गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यालाही गिटार वाजवता येत नव्हती, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याने जी छोटी अ‍ॅम्प्लिफायर केली त्यांतलं सगळ्यात साधं म्हणजे 'चॅम्प'. साधारण ५ वॅट, ८ इंची स्पीकर, आवाजाचं एकच बटण. विद्यार्थ्यांसाठी, घरी वाजवायला. रेडिओ ज्याला दुरुस्त करता येतो त्याने रेडिओतल्याच भागांपासून केलेली ही वस्तू आहे. त्याच्याच एका मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवरून, बॅसमनवरून, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रम विकणाऱ्या माणसाने आपलं पहिलं अ‍ॅम्प्लिफायर बेतलं. रॉक संगीताचा तो सगळा गदारोळ रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावरून निघालेला आहे.

तीन नळ्या. पहिली लहान, ट्वेल्व्ह एएक्स सेव्हन. गिटारच्या तारेतून जो इवलासा विजेचा थरथराट येतो तो ती दोन टप्प्यांत वाढवते. दुसरी जाडजूड, सिक्स व्ही सिक्स, ती स्पीकर हलवण्याइतकी ताकद देते. तिसरी रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारी. आत तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि निर्वात पोकळीतून समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये एक जाळी असते, तिच्यावर थोडा विजेचा दाब कमी-जास्त केला की तो सगळा लोंढा कमी-जास्त होतो. धरणाच्या दरवाजासारखं. दरवाजा हलवायला एक माणूस पुरतो, पाणी मात्र प्रचंड जातं. एवढंच आहे. पण हे इलेक्ट्रॉन ओढायला तीनशे-साडेतीनशे व्होल्ट लागतात. ट्रान्झिस्टर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. हा फरक लक्षात ठेवा.

मग लोक अजून ह्या नळ्यांच्या मागे का लागतात? मी मूळचा मिरजेचा. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी होतात. ही कारागिरी शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांची. एकोणिसाव्या शतकात ते तलवारींकडून तंबोऱ्यांकडे वळले. (फौजी माणसाने निवृत्तीनंतर काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.) तंबोऱ्याची जवारी काढतात हे तुम्हाला ठाऊक असेल. घोडीचा माथा इतका बारीक घासायचा, की तार सुटी न कंपता घोडीला हलकेच चाटत राहते. शुद्ध हिशेबाने तो दोष आहे. पण त्या चाटण्यातून मूळ सुराबरोबर वरचे सूर फुटतात आणि तंबोरा बोलायला लागतो. व्हॉल्व्हचं तसंच आहे. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त ढकललं की ट्रान्झिस्टरसारखा तो आवाज कचकन कापत नाही, कडा गोल करत दाबतो, आणि मूळ सुराचे वरचे सूर त्यात मिसळतात. गिटार वाजवणाऱ्यांना ती जवारी हवी असते.

तर किट उघडलं. पत्र्याचं चॅसी, दोन ट्रान्सफॉर्मर, फायबरची एक पट्टी, कापडी आवरणाच्या वायरी, आणि लहान लहान पाकिटांत रेझिस्टर-कपॅसिटर. रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम. ही भाषा मला पाठ होती. पण साठीनंतर एलईडीच्या उजेडात पिवळा आणि नारिंगी यांतला फरक पाठांतराने दिसत नाही. हे पुढे येईल.

पहिले चार डाग मी असे दिले की बघवेनात. गोळे नुसते. मग मी शोधायला निघालो, म्हैसुरात कुणी जुना रेडिओवाला उरलाय का.

म्हैसूर आणि रेडिओ यांचं नातं जुनं आहे हे इथल्या मराठी मंडळींनासुद्धा नेहमी माहीत नसतं. १९३५ साली महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून, 'विठ्ठल विहार'मधून, रेडिओ केंद्र सुरू केलं. सुरुवातीचा ट्रान्समीटर ३० वॅटचा. म्हणजे हे खोकं सहा वेळा. त्या केंद्राला आकाशवाणी हे नाव मिळालं ते इथे, आणि पुढे देशभराच्या नभोवाणीने तेच घेतलं. आम्ही मराठी लोक नभोवाणी म्हणत बसलो, तो शब्दही चांगला होता, पण म्हैसूर जिंकलं.

रेडिओवाले मिळाले लष्कर मोहल्ल्यात. नाव ऐकून मला वाटलं, चला, आपलाच एरिया. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, खांद्याएवढ्या रुंदीचं दुकान. आता ते लग्नाच्या हॉलचे लाउडस्पीकर आणि मिक्सर दुरुस्त करतात. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला 'सार' म्हणतात. माझं कानडी बाजारापुरतं, त्यांचं हिंदी सिनेमापुरतं, पण सर्किटला भाषा लागत नाही. त्यांनी माझे चार डाग बघितले, काही बोलले नाहीत, आयर्न घेतलं आणि सगळे काढून टाकले. मग दाखवलं. आधी जोड तापवायचा, कथील जोडाला लावायचं, आयर्नला नाही. जोड पुरेसा तापला असेल तर कथील आपण होऊन वाहत जातं. तो थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही, आणि फुंकर मारायची नाही. मी फुंकर मारत होतो.

त्यांच्या खणात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात व्हॉल्व्ह होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बीईएलचा शिक्का असलेले. भारत इलेक्ट्रॉनिक्स, बंगळूर, जालहळ्ळी. १९५४ साली स्थापन झालेली कंपनी. १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले. डब्यात एक ईसीसी ८३ होता. ट्वेल्व्ह एएक्स सेव्हनचंच ते युरोपियन नाव. मास्तरांनी तो मला दिला, पैसे घेतले नाहीत. माझ्या खोक्यात पहिली नळी आता तीच आहे. बीईएलचेच सेट घेऊन मी अर्धा देश फिरलो होतो, पण त्यांचा व्हॉल्व्ह हातात घेऊन उजेडात धरून मी प्रथमच बघितला.

आणि निघताना मास्तर म्हणाले, "ओंदु कै जेबल्लि इडि सार." एक हात खिशात ठेवा. हा सगळ्या रेडिओवाल्यांचा जगभरचा नियम आहे. जिवंत सर्किटमध्ये एकच हात घालायचा. एका हाताने शॉक बसला तर बोट भाजेल. एक हात वायरवर आणि दुसरा चॅसीवर असेल तर वीज छातीतून जाते, आणि छातीत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी हसलो. हे मी शिकवायचो, त्यांना काय माहीत!

आता मूळ गोष्ट.

व्हॉल्व्हचं यंत्र पहिल्यांदा चालू करताना एकदम सगळं लावत नाहीत. आधी फक्त रेक्टिफायर नळी बसवायची, बाकी दोन जागा रिकाम्या, आणि डीसी बरोबर येतंय का ते मोजायचं. घरच्या लाइनला एक १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो. तो बल्ब मिळवायला मी देवराज अर्स रोडवर चार दुकानं फिरलो. सगळीकडे एलईडी. शेवटी शेजाऱ्यांच्या देवघरातून आणला.

बल्ब चमकला, मंद झाला. मीटरवर ४४० व्होल्ट. मोकळ्या सर्किटवर एवढे येणारच. मी खूश. स्विच बंद केला, प्लग भिंतीतून काढला. काढला, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात बायकोने हाक मारली, चहा झालाय. मी गेलो. चहा घेतला, मुलीचा फोन आला होता, तिला सांगितलं की पॉवर सप्लाय पास. परत आलो, तर एक वायर पट्टीवर जरा वाकडी दिसली. डावा हात चॅसीवर टेकवला आणि उजव्या हाताने ती वायर सरळ करायला गेलो.

पुढचं मला नीट आठवत नाही. खुर्ची मागे गेली, कोपर कपाटावर आदळलं, मीटर खाली. बायको धावत आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि म्हणे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो: "प्लग काढला होता, प्लग काढला होता."

प्लग काढला होता. पण कपॅसिटर भरलेले होते. ह्या सर्किटमध्ये तीन फिल्टर कपॅसिटर आहेत, मिळून ३२ मायक्रोफॅरड. बाकीचे दोन्ही व्हॉल्व्ह जागेवर आणि तापलेले असते तर बंद केल्यावरही त्यांनी तो साठा काही सेकंदांत पिऊन टाकला असता. ते नव्हते. मूळ सर्किटमध्ये साठा रिकामा करायला दुसरी वाट ठेवलेली नाही. म्हणजे मी चहा पीत होतो तेव्हा ते चारशेवर व्होल्ट तिथेच बसून होते, माझी वाट बघत. हिशेब केला तर ही ऊर्जा तीन ज्यूल भरते. साखरेची किलोभराची पिशवी फूटभर उचलायला लागते तेवढी. ती सेकंदाच्या लहानशा भागात छातीतून जाते, एवढाच फरक.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, ठीक निघाला. बोटावर एक पांढरा डाग पडला, तो अजून आहे. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती शॉकमुळे नाही.

१९९१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. जागा आणि युनिट सांगत नाही. आम्ही एका सरावावर होतो. मी कॅप्टन, माझ्याकडे गाडीत बसवलेला एक मोठा ट्रान्समीटर. त्याच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह होते, दीड-दोन हजार व्होल्टवर चालणारे. रात्री दोनच्या सुमारास सेट बंद पडला. वरून विचारणा सुरू झाली, लिंक का नाही. माझा रेडिओ मेकॅनिक एक नाईक होता, सातारा जिल्ह्यातला, अठ्ठावीस वर्षांचा, आणि माझ्या बघण्यात त्याच्याइतका हुशार हात दुसरा नव्हता. त्याने सेट बंद केला, केबल काढली, झाकण उघडलं. आणि आत हात घातला.

अशा सेटबरोबर एक अर्थिंग रॉड असतो. लाकडी किंवा एबोनाइटचा दांडा, पुढे पितळी आकडा, त्याला जाड वायर. झाकण उघडलं की आधी तो लावून कपॅसिटर रिकामा करायचा, मगच हात. त्याने रॉड लावला नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेल्यासारखी झाली, सहा आठवडे मिलिटरी हॉस्पिटल. वाचला हेच नशीब.

इन्क्वायरी झाली. ती दुसऱ्या अधिकाऱ्याने केली, पण मी मुख्य साक्षीदार. माझं निवेदन मला आजही जवळपास पाठ आहे. सेट बंद होता. नियमाप्रमाणे कपॅसिटर डिस्चार्ज करणं आवश्यक होतं. नाईकला नियम माहीत होता, त्याचं प्रशिक्षण झालेलं होतं. त्याने डिस्चार्ज न करता हात घातला. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

जे लिहिलं नाही ते सांगतो. आमच्या गाडीत तो रॉड नव्हता. तीन महिन्यांपूर्वी सामानाच्या तपासणीत तो कमी भरला होता, कमतरतेच्या यादीत होता, आणि त्या यादीखाली सही माझी होती. मागणी वर गेली होती की नव्हती ते मी बघितलं नव्हतं. रॉड नसला की मेकॅनिक लोक लांब स्क्रूड्रायव्हरने काम भागवतात, ते मला माहीत होतं. आणि दुसरं, त्या रात्री मी गाडीच्या मागच्या दाराशी टॉर्च घेऊन उभा होतो आणि दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "किती वेळ? अजून किती वेळ?"

निष्कर्ष निघाला: स्वतःचा निष्काळजीपणा. त्याला सीव्हिअर रेप्रिमांड मिळाला. फौजेत आम्ही त्याला लाल शाईची एन्ट्री म्हणतो. बोटांमुळे मेडिकल कॅटेगरी खाली आली, वर लाल शाई, त्या वर्षीचं हवालदारपद गेलं, आणि मग ते आलंच नाही. नाईक म्हणूनच तो घरी गेला. नाईकच्या आणि हवालदारच्या पेन्शनमधला फरक दर महिन्याला असतो, मरेपर्यंत असतो. मी त्याच सुमारास मेजर झालो.

इतकी वर्षं मी ह्या गोष्टीचा विचार केला नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. केला होता. पण प्रत्येक वेळी माझ्याजवळ एक उत्तर तयार असायचं: त्याला नियम माहीत होता. जाणता माणूस अशी चूक करतोच कशी? आणि आता मी, महूचा कोर्स केलेला, हेच फळ्यावर शिकवलेला, माझ्या स्वतःच्या घरात, कुणीही टॉर्च घेऊन डोक्यावर उभं नसताना, रात्रीचे दोन वाजलेले नसताना, मागे फक्त चहाची हाक असताना, नेमकी तीच चूक करून बसलो होतो. माझ्या निष्काळजीपणाची एन्ट्री कोण करणार होतं?

महिनाभर मी त्या किटला हात लावला नाही. बायकोला वाटलं, घाबरलो. तिला खरं सांगायला आठवडा लागला. ती म्हणाली, "मग फोन करा की. मला काय सांगताय?"

जुन्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, तिथून नंबर मिळाला. दोन दिवस तो नंबर नुसता बघत होतो. मग लावला. त्याने माझा आवाज ओळखला. "राम राम साहेब." शेती बघतो, मुलगा कराडला नोकरीला. मी आधी हवापाण्याचं बोललो, मग म्हणालो, मला ९१ सालाबद्दल बोलायचंय.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, रॉड गाडीत नव्हताच. मी इन्क्वायरीत सांगितलं होतं."

मी म्हणालो, "मला माहीत आहे. मी सांगितलं नाही."

"ते मला माहीत आहे साहेब," तो म्हणाला. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. नोंद होती. मी त्याला माझ्या शॉकचं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, किती मायक्रोफॅरड? दुसरा, कपॅसिटरवर ब्लीडर टाकलाय का? मी म्हणालो, मूळ सर्किटमध्ये नाही. तो म्हणाला, "मूळ सर्किटला काय करायचंय? २२० किलो, दोन वॅटचा टाका. आजच टाका."

मग मी विचारलं, मी काय करू? तीस-बत्तीस वर्षांनंतर लाल शाई पुसली जात नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अर्ज करायचा असेल तर मी माझं निवेदन लिहून देईन म्हणालो, सगळं, रॉडसकट, टॉर्चसकट. त्याने विचार करून सांगितलं, "लिहून द्या. पण मराठीत द्या साहेब. ऑफिसचं पुढं बघू. पोराला वाचता आलं पाहिजे."

लिहिलं. तीन पानं झाली. आयुष्यात मी इंग्रजीत शेकडो रिपोर्ट लिहिले, पण हे मराठीत लिहायला जड गेलं. इंग्रजीत 'चूक झाली' असं लिहून निभावतं, कुणाकडून ते लिहावं लागत नाही. मराठीत तसं लिहिलं की माझं मलाच वाचवेना. प्रत्येक ओळीत 'मी' घालावा लागला. पत्र रजिस्टरने पाठवलं. पोचपावती आली. उत्तर आलं नाही, आणि मी ते मागितलेलंही नाही.

ब्लीडर टाकला. इथे मागून बघता येईल, पहिल्या कपॅसिटरवर तो जाडसर तपकिरी रेझिस्टर. आता बंद केल्यावर वीस सेकंदांत सगळे व्होल्ट तीसच्या आसपास उतरतात. तरीही मी मास्तरांनी दिलेली बांबूची काठी लावतोच, तिच्या टोकाला दहा वॅटचा रेझिस्टर बांधलाय.

बाकीचं पटकन सांगतो. तिन्ही नळ्या लावून चालू केलं तर असा आक्रोश झाला की गल्लीतली कुत्री जमली. मास्तर फोनवरच हसले. स्पीकरकडून थोडा आवाज उलट्या अंगाने आधीच्या टप्प्यात परत सोडलेला असतो, त्याने सूर साफ राहतो. मी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी अदलाबदल करून लावल्या होत्या, म्हणून लगाम ओढायच्या ऐवजी टाच मारली जात होती. दोन वायरी बदलल्या, शांत. मग आवाज अगदी मेलेला, सर्दी झाल्यासारखा. पहिल्या नळीवर जिथे दीडशेच्या आसपास व्होल्ट हवेत तिथे चाळीस. दोन दिवस शोधलं. शेवटी मास्तरांनी दुकानाबाहेर उन्हात नेऊन दाखवलं: लाल-लाल-नारिंगीच्या जागी मी लाल-लाल-पिवळा लावला होता. २२ च्या जागी २२०. हा उन्हातला सल्ला मी माझ्या वयाच्या सगळ्यांना देतो.

पेटीसाठी इथले सुतार म्हणाले, शिसवीची करू, पुढे हत्ती जडवू. म्हैसूरची जडावाची कारागिरी जगात नावाजलेली आहे, पण ते खोकं उचलायला मग दोन हत्ती लागले असते. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन वापरलं. वर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर असतं तसलं कापड हवं होतं, ते मिळेना, म्हणून माझा होल्डॉल कापला. पहिल्या पोस्टिंगपासूनचा. ह्या बाजूला पांढऱ्या रंगात माझ्या नंबरचे तीन आकडे अजून दिसतात.

मुलगी आज आलेली आहे, गिटार तिच्याकडे आहे. मी आता स्विच लावतो. लगेच काही होणार नाही, नळ्या तापायला वीसेक सेकंद लागतात. लहानपणी मिरजेला आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता, ठाण्यात बनलेला, बातम्यांच्या आधी वडील असेच उभे राहायचे. जरा तो पंखा बंद कराल का? आणि पुढच्या रांगेतल्या मुलांनो, मागे हात घालायचा नाही.

हं. लाल दिसायला लागलं बघा.